सत्तावीस देशांचं एक परराष्ट्र धोरण : ठरतं कुठे, अडतं कुठे

गोव्यातल्या बाणावलीच्या किनाऱ्याने देशांच्या गटांची दोन मोठी संमेलनं पाहिली आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रिक्सची शिखर परिषद झाली, मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेचे परराष्ट्र मंत्री जमले. ब्रिक्सच्या त्या गोवा घोषणापत्रात दहशतवादाचा निषेध होता, इस्लामिक स्टेटचं नावही होतं. पण भारताला हवी असलेली जैश-ए-मोहम्मद आणि लष्कर-ए-तैयबा ही नावं नव्हती. पाच देशांचं एकमत झालं नाही, म्हणून ती गळली. बहुतेक गटांचा कारभार असाच असतो. जेवढ्यावर सगळ्यांचं जमतं तेवढंच कागदावर येतं, आणि कागदावर आलेलंही कुणाला फारसं बांधून ठेवत नाही.

युरोपीय महासंघाची गोष्ट निराळी. तिथे २७ देशांनी कराराने स्वतःला बांधून घेतलं आहे, आणि त्यांच्या सामायिक निर्णयाचे धक्के थेट गोव्यापर्यंत पोचतात. माणकीच्या (स्क्विडच्या) निर्यातीचे कागद, पणजीहून युरोपला जाणाऱ्याचा शेंगेन व्हिसा, तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या बोटीवरचा तारवटी (खलाशी), पोर्तुगीज पासपोर्टवर बाहेर राहणारं कुटुंब, या सगळ्यांचा त्या निर्णयांशी संबंध येतो. तरीही ‘युरोपची भूमिका काय’ असं विचारलं की कधी खणखणीत उत्तर मिळतं, कधी सत्तावीस तोंडांची सत्तावीस उत्तरं. यात धरसोड कमी आणि कार्यपद्धतीचा भाग जास्त आहे. प्रश्न कराराच्या कोणत्या कलमाखाली येतो त्यावर तो बहुमताने सुटणार की एकमताने, हे ठरतं; आणि निम्मा निकाल तिथेच लागतो.

माणसं कोण, पदं कोणती

नावांचा गोंधळ आधी निस्तरू. ‘युरोपीय परिषद’ म्हणजे २७ देशांच्या पंतप्रधान-राष्ट्राध्यक्षांची बैठक. ती दिशा ठरवते, कायदे करत नाही. १ डिसेंबर २०२४ पासून तिचे अध्यक्ष आंतोनियो कोश्ता आहेत. त्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं, म्हणून गोव्यात त्यांचं कौतुक होतं आणि ते साहजिकही आहे. पण एक लक्षात ठेवावं : या अध्यक्षाला बैठकीत मत नसतं. त्याचं काम बैठकीआधी सगळ्यांना फोन करून मसुदा जुळवण्याचं.

नुसती ‘परिषद’ म्हणजे मंत्र्यांची. विषयाप्रमाणे तिचे मंत्री बदलतात. परराष्ट्र मंत्र्यांची परिषद साधारण महिन्यातून एकदा ब्रुसेल्सला भरते. एप्रिल, जून आणि ऑक्टोबरमध्ये लक्झेंबर्गला. इतर बहुतेक विषयांच्या परिषदांचं अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी एका देशाकडून दुसऱ्याकडे फिरतं. परराष्ट्र परिषद मात्र ‘उच्च प्रतिनिधी’ चालवते. हे पद सध्या एस्टोनियाच्या माजी पंतप्रधान काया कालास यांच्याकडे आहे. ती एकाच वेळी मंत्र्यांच्या परिषदेची अध्यक्ष आणि आयोगाची उपाध्यक्ष असते. म्हणजे एक पाय सदस्य देशांच्या गोटात, दुसरा ब्रुसेल्सच्या प्रशासनात. महासंघाचं कामकाज ठरवणाऱ्या लिस्बन करारात हे मुद्दाम असं केलं गेलं. तो करार १३ डिसेंबर २००७ रोजी लिस्बनच्या जेरोनिमोस मठात झाला, जिथे वास्को द गामाची समाधी आहे. अंमलात आला १ डिसेंबर २००९ पासून.

आणि ‘आयोग’ म्हणजे प्रशासन. पैसा, व्यापार, मासेमारी, व्हिसाचे नियम, यांचे प्रस्ताव तिथून निघतात. अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन. कोश्ता, फॉन डेर लायन आणि कालास असे तिघे परदेशात युरोपचे प्रतिनिधी म्हणून वावरतात. त्यातून कधी मानापमान होतात, पण तो विषय दुय्यम.

उच्च प्रतिनिधींच्या हाताखाली २०११ पासून एक सामायिक परराष्ट्र सेवा आहे. जगभर तिची सुमारे १४५ कार्यालयं आहेत, त्यांतलं एक दिल्लीत. तिने सदस्य देशांचे दूतावास बंद केलेले नाहीत. पणजीतला पोर्तुगालचा वाणिज्य दूतावास पोर्तुगालचाच, ब्रुसेल्सचा नव्हे. दिल्लीतले सदस्य देशांचे राजदूत महासंघाच्या राजदूताकडे नियमित जमतात, एकत्रित अहवाल लिहितात, आणि भारत सरकारकडे एखादा मुद्दा सामायिकपणे मांडायचा असेल तर तो कोणी आणि कोणत्या शब्दांत मांडायचा हे तिथे ठरतं.

कागद वर चढतो कसा

टीव्हीवर मंत्री हस्तांदोलन करताना दिसतात, पण बहुतेक निर्णय त्याआधीच झालेले असतात. आशियाविषयीचा एखादा मसुदा परराष्ट्र सेवेत तयार होतो आणि प्रथम आशिया-ओशियानिया कार्यगटात जातो. तिथे २७ देशांचे मधल्या फळीतले मुत्सद्दी एकेक ओळ वाचतात. जमलं नाही ते वाक्य चौकटी कंसात ठेवून पुढे पाठवतात.

पुढची पायरी राजकीय व सुरक्षा समिती. तिच्यासाठी प्रत्येक देशाने ब्रुसेल्समध्ये खास राजदूत ठेवलेला असतो. समिती साधारणतः आठवड्यातून दोनदा भरते. संकट आलं तर रात्रीही. निर्बंध किंवा कायद्याचा भाग असेल तर मसुदा परराष्ट्र संबंध सल्लागारांच्या गटाकडे जातो. ही वकिली वळणाची माणसं. ‘आणि’ ठेवायचा की ‘किंवा’ यावर तास घालवणारी. त्यानंतर देशांच्या कायम प्रतिनिधींची समिती, आणि शेवटी मंत्री.

कायम प्रतिनिधींच्या पातळीवर एकमत झालं की विषय मंत्र्यांपुढे ‘चर्चेविना’ या यादीत जातो. मग तो कोणत्याही विषयाच्या परिषदेत संमत होऊ शकतो. परराष्ट्र मंत्र्यांची पुढची बैठक लांब असेल तर शेती आणि मासेमारीचे मंत्री एखाद्या देशावरच्या निर्बंधांना मंजुरी देऊन मोकळे होतात. वाचायला हे विचित्र वाटेल, पण कायद्याच्या दृष्टीने परिषद एकच आहे. फक्त खुर्च्यांवरची माणसं बदलतात.

घाईच्या वेळी ‘मौन पद्धत’ वापरतात. मसुदा सुरक्षित जाळ्यावरून सगळ्या राजधान्यांना जातो, सोबत मुदत : उद्या दुपारी बारापर्यंत. तोवर कुणी हरकत घेतली नाही तर मसुदा संमत. एकाही देशाने मौन तोडलं की तो पुन्हा टेबलावर. गफलत बहुधा इथेच होते. एखाद्या राजधानीत सुट्टी असते, मंत्री विमानात असतो, खालचा अधिकारी जबाबदारी घ्यायला कचरतो आणि निव्वळ वेळ मिळवायला मौन तोडतो. बाहेर बातमी होते, ‘युरोपात मतभेद’.

निवेदन कुणाच्या नावाने आलं ते पाहा

कुठे सत्तापालट झाला, गोळीबार झाला की ब्रुसेल्सहून निवेदन निघतं. ती सगळी सारख्या वजनाची नसतात. सर्वांत वजनदार निवेदन ‘महासंघाच्या वतीने उच्च प्रतिनिधींचं’ असतं. ‘वतीने’ या शब्दामागे सत्तावीसही देशांची संमती असते. त्याखालचं निवेदन नुसतं ‘उच्च प्रतिनिधींचं’. ते कालास स्वतःच्या अधिकारात काढतात, देशांकडे फिरवत नाहीत. सर्वांत खाली प्रवक्त्याचं निवेदन.

मोठी घटना घडूनही निवेदन मधल्या पातळीवरून आलं तर समजावं की वरच्या पातळीवर कुणीतरी अडवलं आहे. २०२१ च्या वसंतात हाँगकाँगवरच्या निवेदनाला हंगेरीने संमती दिली नाही, तेव्हा हेच झालं. त्याआधी जून २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत चीनबद्दलचं महासंघाचं निवेदन ग्रीसने रोखलं होतं. ती पहिलीच वेळ की त्या व्यासपीठावर त्या विषयावर युरोपचा सामायिक आवाज उठलाच नाही.

संयुक्त राष्ट्रांत मतदानाची वेळ आली की लपायला जागाच नसते. महासंघाला २०११ पासून आमसभेत बोलायचा वाढीव अधिकार आहे, पण मत नाही, मतं देशांची. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझातल्या युद्धविरामाच्या ठरावावर ८ सदस्य देशांनी बाजूने, ४ देशांनी विरोधात मत दिलं आणि १५ तटस्थ राहिले. फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल एकीकडे, ऑस्ट्रिया, हंगेरी दुसरीकडे, जर्मनी मधे. एवढ्या जवळून एकत्र काम करणाऱ्या गटाचं असं त्रिभाजन व्हावं याचं कारण सरळ आहे. मध्यपूर्वेबद्दल या देशांचा इतिहास वेगळा आहे, आणि बैठकी कितीही घेतल्या तरी इतिहास एक होत नाही. कोसोवोचंही तसंच. २००८ पासून आजवर स्पेन, ग्रीस, सायप्रस, रोमानिया आणि स्लोव्हाकियाने त्याला मान्यता दिलेली नाही.

निर्बंध : एकमत एकदा पुरत नाही

महासंघाच्या परराष्ट्र धोरणात सर्वांत धारदार हत्यार निर्बंधांचं. त्याचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात परराष्ट्र धोरणाच्या कलमाखाली ‘निर्णय’ होतो आणि त्याला सत्तावीसही देशांची संमती लागते. त्यात कुणावर, कशासाठी, कधीपर्यंत हे येतं. पैसे गोठवणं, व्यापार रोखणं हे भाग लागू करण्यासाठी दुसऱ्या टप्प्यात ‘नियम’ करतात. तो उच्च प्रतिनिधी आणि आयोग यांच्या संयुक्त प्रस्तावावर विशेष बहुमताने होतो. विशेष बहुमत म्हणजे किमान १५ देश आणि त्यांच्याकडे महासंघाच्या लोकसंख्येचा किमान ६५ टक्के हिस्सा. महासंघाच्या राजपत्रात नियम छापून आला की बँकांना, जहाज कंपन्यांना, विमा कंपन्यांना तो लगेच लागू. व्हिसाबंदी मात्र प्रत्येक देश स्वतः अंमलात आणतो.

यादीत नाव टाकायचं तर पुरावा हवा. २००८ च्या कादी खटल्यापासून युरोपीय न्यायालयाने हे पक्कं केलं आहे : कारण सांगितलं नाही, बाजू मांडायची संधी दिली नाही, तर यादी टिकत नाही. म्हणून प्रत्येक नावापुढे कारणांचा परिच्छेद असतो आणि पाठीशी पुराव्यांची फाईल. गुप्तचरांची माहिती न्यायालयात उघड करता येत नाही, त्यामुळे फाईलमध्ये बातम्या, कंपनी नोंदणी, सरकारी राजपत्रं असलीच कागदपत्रं जास्त. घाईत केलेली नावं पुढे न्यायालयात रद्द होतात, आणि अशी उदाहरणं बरीच आहेत.

खरी डोकेदुखी मुदतीची. रशियावरचे आर्थिक निर्बंध दर सहा महिन्यांनी, ३१ जानेवारी आणि ३१ जुलैला संपतात. व्यक्ती आणि कंपन्यांची यादी १५ मार्च आणि १५ सप्टेंबरला. प्रत्येक वेळी मुदतवाढीला पुन्हा सत्तावीस होकार लागतात. म्हणजे वर्षातून चार वेळा कुठल्याही एका सरकारला सौद्याला बसता येतं. जून २०२२ मध्ये रशियावरच्या निर्बंधांच्या सहाव्या पॅकेजमधून हंगेरीच्या आग्रहामुळे रशियन चर्चप्रमुख किरिल यांचं नाव वगळलं गेलं आणि पाइपलाइनच्या तेलाला सूट मिळाली. अडवणाऱ्याचं भांडण नेहमी त्याच विषयाशी असतं असंही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सायप्रसने बेलारूसवरचे निर्बंध थांबवून ठेवले. त्याला हवी होती तुर्कस्तानवरची कारवाई. २ ऑक्टोबरला नेत्यांच्या बैठकीत तुर्कस्तानविषयी समाधानकारक मजकूर मिळाला आणि बेलारूसचा मार्ग मोकळा झाला.

भारताला या हत्याराचा जवळून अनुभव १८ जुलै २०२५ रोजी आला. अठराव्या पॅकेजमध्ये गुजरातची वाडीनार रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीचं नाव आलं. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९.१३ टक्के हिस्सा आहे. महासंघाचा कायदा भारतात चालत नाही, तो युरोपच्या हद्दीत आणि युरोपीय नागरिक-कंपन्यांना लागू होतो. पण तेलाची बोट युरोपीय मालकाची, तिचा विमा युरोपातला, पैसे युरोपीय बँकेतून, अशी साखळी असते. एक कडी हात काढून घेते आणि व्यवहार अडतो. भारत सरकारने एकतर्फी निर्बंध मान्य नसल्याची आपली जुनी भूमिका पुन्हा मांडली.

तेच पॅकेज त्याआधी काही आठवडे स्लोव्हाकियाने अडवून धरलं होतं. त्याचा राग होता रशियन वायूची आयात टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या दुसऱ्याच एका प्रस्तावावर. तो प्रस्ताव आयोगाने व्यापार आणि ऊर्जेच्या कलमांखाली आणला होता, जिथे बहुमत पुरतं. तिथे आपला हात चालत नाही म्हटल्यावर स्लोव्हाकियाने जिथे चालतो तिथे अडवणूक केली. हा सगळा खेळ असाच वाचावा लागतो.

नकाराला वळसा

गोव्याच्या जुन्या गावकरीत, म्हणजे गावाच्या सामायिक कारभारात, एका गावकाराचा नकार ठराव पाडायला पुरेसा असे. महासंघाचं परराष्ट्र धोरण आजही त्याच चालीवर आहे. पण इतकी वर्षं एकत्र काढलेल्या मुत्सद्द्यांनी वळसे शोधले आहेत.

एक वळसा करारातच आहे : विधायक तटस्थता. एखादा देश म्हणतो, मला हे मान्य नाही, मी अंमल करणार नाही, पण तुम्हाला अडवतही नाही. असे देश आणि त्यांची लोकसंख्या दोन्ही एक तृतीयांशापर्यंत पोचली तर निर्णय पडतो. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युक्रेनला शस्त्रं द्यायची ठरली तेव्हा ५० कोटी युरोंच्या मदतीचे मुद्दाम दोन निर्णय केले : ४५ कोटींची मारक शस्त्रं आणि ५ कोटींचं इंधन, औषधं वगैरे. आयर्लंड, ऑस्ट्रिया आणि माल्टा हे तटस्थ परंपरेचे देश पहिल्या निर्णयापासून दूर राहिले, दुसऱ्यात आले. तिघांची अब्रूही राहिली आणि शस्त्रंही गेली.

दुसरा वळसा खोलीबाहेरचा. १४ डिसेंबर २०२३ रोजी युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करण्याचा निर्णय होताना हंगेरीचे पंतप्रधान ओर्बान बैठकीतून बाहेर गेले आणि उरलेल्या सव्वीस जणांनी होकार दिला. त्याच रात्री युक्रेनच्या ५० अब्ज युरोंच्या मदतीला मात्र त्यांनी आत बसून नकार दिला. ती १ फेब्रुवारी २०२४ ला मिळाली.

तिसरा वळसा कलमच बदलण्याचा, आणि सध्या तोच सर्वांत महत्त्वाचा. युरोपात गोठवलेला रशियन मध्यवर्ती बँकेचा पैसा दर सहा महिन्यांनी नकाराच्या धोक्यात येत होता. डिसेंबर २०२५ मध्ये महासंघाने आर्थिक आणीबाणीच्या कलमाखाली, बहुमताने, तो मुदतीविना गोठवून ठेवला. हंगेरी आणि स्लोव्हाकियाचा विरोध कागदावर नोंदला गेला, पण निर्णय अडला नाही. कायद्याचे काही जाणकार याकडे ओढाताण म्हणून पाहतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. आणीबाणीचं कलम किती ताणायचं याला उत्तर न्यायालयच देऊ शकेल.

मग परराष्ट्र धोरणच बहुमतावर का आणत नाहीत? करारात सोय आहे. नेत्यांनी एकमताने ठरवलं तर लष्करी भाग सोडून इतर निर्णय बहुमतावर नेता येतात. अडचण ‘एकमताने’ या शब्दात. जर्मनीच्या पुढाकाराने काही देश २०२३ पासून त्यासाठी प्रयत्न करत आहेत. लहान देशांना मात्र धास्ती वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. ६५ टक्के लोकसंख्येच्या हिशेबात माल्टाचं वजन जवळजवळ शून्य. नकार हाच त्याचा मोठेपणा. ओर्बानमुळे नकाराधिकार बदनाम झाला, तरी तो गेला तर सायप्रससारख्या देशाच्या तक्रारीकडे कोण पाहणार, हा प्रश्न उरतोच.

बोटी : सैन्य नसताना लष्करी मोहीम

महासंघाकडे स्वतःचं सैन्य नाही, तरी समुद्रात त्याच्या मोहिमा आहेत. सोमालियाच्या चाच्यांविरुद्धची अटालांटा मोहीम डिसेंबर २००८ मध्ये सुरू झाली; तिचं मुख्यालय ब्रिटनमधल्या नॉर्थवूडला होतं, ब्रेक्झिटमुळे ते २०१९ मध्ये स्पेनच्या रोटाला गेलं. तांबड्या समुद्रातली आस्पिडेस मोहीम १९ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली, मुख्यालय ग्रीसमधलं लारिसा.

अशा मोहिमेला आधी सत्तावीस देशांचा एकमताचा निर्णय लागतो. मग देशांना विचारतात : जहाज कोण देणार? हा टप्पा सर्वांत अवघड. मुख्यालयासारखे सामायिक खर्च एकत्रित निधीतून होतात, पण जहाज, इंधन, नौसैनिकांचे पगार हे ज्याचे त्याने सोसायचे. त्यामुळे होकार देणारे पुष्कळ, जहाज देणारे थोडे. आस्पिडेसकडे एका वेळी मोजकीच जहाजं असतात आणि सोबत मागणाऱ्या व्यापारी बोटींना थांबावं लागतं. तिला येमेनमध्ये हल्ले करायचा अधिकारही नाही. बोटीवर येणारं ड्रोन किंवा क्षेपणास्त्र पाडायचं, इतकंच. तारवटींच्या घरच्यांनी हा फरक समजून घ्यावा : अमेरिका-ब्रिटनचे हल्ले ही वेगळी मोहीम होती. एडनच्या आखातातून किंवा सोमालियाजवळून जाणारी बोट फ्रान्समधल्या ब्रेस्टच्या सागरी सुरक्षा केंद्राकडे आगाऊ नोंद करू शकते. ती ऐच्छिक असते आणि कंपनीने करायची असते; जाणाऱ्याने आपल्या कंपनीला तसं विचारायला हरकत नाही.

जिथे बहुमत चालतं

आता दुसरी बाजू, जिथे युरोप एका माणसासारखा वागतो. मासेमारीचं घ्या. बेकायदा मासेमारीविरुद्धचा नियम १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. युरोपात जाणाऱ्या समुद्रातल्या मासळीच्या प्रत्येक मालासोबत पकड प्रमाणपत्र लागतं : बोटीचं नाव, नोंदणी, परवाना, जात, कुठे कधी पकडली, वजन. भारतात हे काम सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाकडे आहे. कुटबण किंवा मालीम जेटीवर पाच ट्रॉलरांची माणकी एकाच क्रेटमध्ये पडली, किंवा बोटीचं वजन आणि कारखान्याचं वजन जुळलं नाही, तर कागद अडतो. हा झाला व्यापाऱ्याचा त्रास. देशाचीच देखरेख ढिली वाटली तर आयोग पिवळं कार्ड दाखवतो. सुधारणा नसेल तर लाल, म्हणजे आयातबंदी. श्रीलंकेने २०१५-१६ मध्ये ती सोसली. थायलंड एप्रिल २०१५ पासून जानेवारी २०१९ पर्यंत पिवळ्या कार्डावर होता. ही करकरीत परराष्ट्र नीतीच आहे, फक्त तिच्यावर परराष्ट्र खात्याची पाटी नाही. म्हणून तिला एकमत लागत नाही.

व्हिसाचंही तसंच. शेंगेनचा अल्पकालीन व्हिसा, १८० दिवसांत ९० दिवस राहण्याचा, सामायिक नियमांनी मिळतो. नोकरी, शिक्षण यांचा दीर्घ व्हिसा प्रत्येक देशाचा स्वतःचा. आपले बेकायदा राहिलेले नागरिक परत घ्यायला टाळाटाळ करणाऱ्या देशासाठी हे नियम कडक करता येतात. गांबियाबाबत २०२१ मध्ये तसं केलं. इथिओपियाच्या अर्जदारांची नेहमीची १५ दिवसांची प्रक्रिया एप्रिल २०२४ मध्ये ४५ दिवसांवर नेली. त्याच महिन्यात भारतीयांसाठी उलट पाऊल पडलं : मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे नियमाने वापरले असतील तर दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा, त्यानंतर पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी असेल तर.

नागरिकत्व मात्र पूर्णपणे देशाच्या हातात. १९ डिसेंबर १९६१ आधी गोव्यात जन्मलेल्यांच्या वारसांना पासपोर्ट द्यायचा की नाही हे लिस्बन ठरवतं, ब्रुसेल्स नाही. पण मिळाल्यावर धारक महासंघाचा नागरिक होतो. ज्या तिसऱ्या देशात पोर्तुगालचा दूतावास नाही तिथे पासपोर्ट हरवला, अटक झाली, तर कुठल्याही सदस्य देशाच्या दूतावासाने त्याला आपल्या नागरिकासारखी मदत द्यायची असते. ब्रेक्झिटच्या वेळी इंग्लंडमधल्या स्विंडन शहरातल्या गोंयकारांचे हक्क पोर्तुगालने वेगळे मागितले नाहीत. मिशेल बार्निए या एकाच वाटाघाटीकाराने सगळ्यांसाठी ब्रिटनशी करार केला, आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंत तिथे राहत असलेल्यांना त्याचा आधार मिळाला.

राहिला व्यापार. भारताशी बोलणी २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये थंडावली. मे २०२१ च्या पोर्तो शिखर बैठकीत पुन्हा बसायचं ठरलं. तेव्हा फिरतं अध्यक्षपद पोर्तुगालकडे होतं आणि पंतप्रधान कोश्ताच होते. जून २०२२ मध्ये बोलणी प्रत्यक्ष सुरू झाली ती तीन वेगळ्या करारांसाठी : व्यापार, गुंतवणूक संरक्षण आणि भौगोलिक निर्देशांक (जीआय, म्हणजे एखाद्या प्रदेशाशी जोडलेल्या मालाच्या नावाचं संरक्षण). तीन का, याचं कारण कॅनडाच्या अनुभवात आहे. त्या करारात गुंतवणूकदारांच्या लवादाचा भाग होता, जो सदस्य देशांच्या अधिकारात येतो, म्हणून प्रत्येक देशाची मंजुरी आवश्यक झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये बेल्जियमच्या वालोनिया या प्रांताच्या विधानसभेने विरोध केला आणि साऱ्या खंडाची सही काही दिवस लटकली. २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने सिंगापूर करारावर मत देताना रेषा आखून दिली : व्यापाराचा भाग महासंघाचा एकट्याचा, लवादाचा नाही. तेव्हापासून दोन्ही वेगळे बांधतात. व्यापाराच्या मसुद्याला परिषदेची आणि युरोपीय संसदेची संमती पुरते. त्याआधी वकिली छाननी आणि चोवीस भाषांतली भाषांतरं होतात. गुंतवणुकीचा करार मात्र सदस्य देशांच्या संसदांतून, वालोनियासारख्या विधानसभांतूनही, जावा लागतो. फेणीला भारतात २००९ पासून भौगोलिक निर्देशांक आहे. युरोपच्या बाजारात तिच्या नावाला संरक्षण हवं असेल तर ते या तिसऱ्या करारातल्या यादीवर अवलंबून आहे, लिस्बनच्या मैत्रीवर नाही.